चार मतं, एकच फेरी: मतदानाला जाताना न्यायची चिठ्ठी कशी बनवायची

लोकसभेला आणि विधानसभेला मत देणं सोपं असतं, एक यादी, एक बटण, झालं काम. महापालिकेला तसं नाहीये आणि हे बऱ्याच जणांना केंद्राच्या दारात उभं राहिल्यावर कळतं. १५ जानेवारी २०२६ ला राज्यातल्या २९ महापालिकांचं मतदान झालं, त्यात एकट्या मुंबईत एका माणसाला एक मत होतं, बाकी २८ ठिकाणी प्रभाग पद्धत. म्हणजे एका प्रभागातून साधारण चार नगरसेवक निवडायचे आणि चारही जागांसाठी आपणच वेगवेगळी मतं द्यायची. पुण्यात ४१ प्रभाग आणि १६५ नगरसेवक, त्यात ४० प्रभाग चारचे आणि एक पाचचा, म्हणजे त्या पाचच्या प्रभागातल्या लोकांना तर पाच बटणं दाबायची होती. नगरपरिषदेला थेट नगराध्यक्षाचं एक मत आणि प्रभागातल्या सदस्यांची वेगळी, जिल्हा परिषदेला एक गटाचं आणि एक पंचायत समितीच्या गणाचं, ग्रामपंचायतीला सरपंचाचं एक आणि वॉर्डातल्या सदस्यांची वेगळी. थोडक्यात स्थानिक निवडणुकीला तुम्ही एका फेरीत बरेच निर्णय करून येता.

आणि होतं काय, की लोक एका उमेदवाराचा नीट विचार करतात, जो ओळखीचा असतो किंवा ज्याच्यावर राग असतो त्याचा, आणि मग उरलेली तीन बटणं नुसतं चिन्ह बघून दाबून मोकळे होतात. याला पॅनल टू पॅनल मतदान म्हणतात, पक्षांना तेच हवं असतं आणि तुम्ही ठरवून तसं केलंत तर त्यात चुकीचं काहीच नाही. पण न ठरवता केलं तर तुमच्या चार नगरसेवकांपैकी तीन जण तुम्ही निवडलेलेच नसतात. म्हणून चिठ्ठी, म्हणजे कुठल्या जागेला कोणाला मत द्यायचं ते घरीच ठरवून लिहिलेला कागद. आत्ता निवडणूक नसली तरी वाचून ठेवा, कारण उमेदवारांची अंतिम यादी लागल्यावर हातात फार दिवस नसतात. जानेवारीच्या वेळी अर्ज मागे घ्यायची मुदत २ तारखेला संपली, ३ जानेवारीला चिन्हं वाटप होऊन यादी फायनल झाली आणि १५ ला मतदान, म्हणजे मध्ये फक्त १२ दिवस, त्यातही घरी ऑफिस, शाळा, संक्रांत सगळं चालूच.

आधी आपला प्रभाग आणि आपल्या जागा

पहिलं काम उमेदवारांचं नाहीच, पहिलं काम आपलं स्वतःचं नाव मतदार यादीत कुठल्या प्रभागात आहे ते बघायचं. प्रभाग रचना बदलते, मधून रस्ता जातो आणि समोरची सोसायटी दुसऱ्या प्रभागात असते, नवरा एका प्रभागात आणि बायको दुसऱ्या असंही होतं. विधानसभेला जिथे मत दिलं तेच केंद्र असेल असं धरून चालू नका. प्रभाग क्रमांक, केंद्राचा पत्ता, यादीतला अनुक्रमांक हे तिन्ही लिहून घ्या, तिथे टेबलावर हेच विचारतात.

मग आपल्या प्रभागातल्या जागा. प्रत्येक जागेला अक्षर असतं, अ, ब, क, ड, आणि प्रत्येक जागेचं आरक्षण वेगळं असतं, कुठली अनुसूचित जातीसाठी, कुठली नागरिकांच्या मागास प्रवर्गासाठी, कुठली महिलेसाठी, कुठली सर्वसाधारण. अर्ध्या जागा महिलांच्या असतात. हे माहीत असायला हवं कारण तुम्हाला आवडलेला उमेदवार कुठल्या अक्षरात उभा आहे यावर त्याची लढत कोणाशी आहे ते ठरतं. दोन चांगली माणसं एकाच जागेवर समोरासमोर असतील तर तुम्हाला त्यातला एकच मिळणार, आणि शेजारच्या जागेत कदाचित तुम्हाला कोणीच पटणार नाही. हे घरी बसून कळलेलं बरं.

वहीचं एक पान घ्या, चार भाग करा, अ ब क ड, आणि प्रत्येक भागात त्या जागेचे सगळे उमेदवार लिहा, अपक्षांसकट. सगळे म्हणजे सगळे, ज्यांचे फ्लेक्स लागलेत तेवढेच नाही. अंतिम यादी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या ऑफिसात लागते आणि स्थानिक पेपरात प्रभागनिहाय छापून येते, पेपरातलं कात्रण सगळ्यात सोपं. एखादी जागा बिनविरोध झाली असेल तर त्या जागेचं मतच नसतं, तेही इथेच कळेल, नाहीतर मशीनसमोर चौथं बटण शोधत बसाल.

शपथपत्र वाचायला शिका, खरंच अवघड नाही

प्रत्येक उमेदवाराला अर्जासोबत शपथपत्र द्यावं लागतं, गुन्हे, मालमत्ता, कर्ज, शिक्षण सगळं त्यात असतं. हा हक्क आपल्याला सहज मिळालेला नाही, सुप्रीम कोर्टाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे मिळालाय, तर वापरा. लोकसभा विधानसभेला केंद्रीय निवडणूक आयोगाचं नो युवर कँडिडेट ॲप आहे, पण महापालिका, झेडपी, ग्रामपंचायत हे राज्य निवडणूक आयोगाकडे असतं, त्यामुळे स्थानिक उमेदवार त्या ॲपवर शोधू नका. राज्य आयोगाच्या किंवा महापालिकेच्या वेबसाइटवर बघा, नाही सापडलं तर निर्णय अधिकाऱ्याच्या ऑफिसात जाऊन विचारा. बहुतेक वेळा स्कॅन केलेली, हाताने भरलेली, तिरकी पानं असतात, मोबाईलवर झूम करून वाचावी लागतात. तरी वाचा.

गुन्ह्यांच्या रकान्यात नुसता आकडा बघून माणूस बाद करू नका. राजकारणात आणि चळवळीत असलेल्या माणसावर रास्ता रोको, मोर्चा, जमावबंदी मोडली असल्या केसेस असतातच. जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम १८८ किंवा १४३ दिसलं, किंवा १ जुलै २०२४ नंतरच्या केसमध्ये भारतीय न्याय संहितेचं २२३ किंवा १८९ दिसलं, तर ते बहुतेक आंदोलनातलं असतं. पाण्यासाठी हंडा मोर्चा काढून केस अंगावर घेतलेली बाई आणि फसवणुकीचं ४२० असलेला माणूस, दोघांच्या नावापुढे "गुन्हे: १" एवढंच येतं. कलम बघा, केस कुठल्या टप्प्यावर आहे बघा, कोर्टात आरोप निश्चित झालेत का नुसती तक्रार आहे, आणि शिक्षा झालीय का. खंडणी, मारहाण, महिलांविरुद्धचे गुन्हे, जमिनीच्या फसवणुकीचे गुन्हे हे मी वहीत लाल पेनने लिहिते, आंदोलनाच्या केसेस साध्या पेनने.

मालमत्तेत किती कोटी यापेक्षा कशाची हे महत्त्वाचं. उत्पन्न काय दाखवलंय आणि व्यवसाय काय लिहिलाय ते एकमेकांना जुळतंय का. जमिनी कुठे आहेत, त्याच प्रभागात किंवा नव्याने पालिकेत आलेल्या गावांमध्ये भरपूर असतील तर बांधकाम परवानग्या आणि विकास आराखडा या विषयात या माणसाचा जीव कुठे गुंतलाय ते कळतं. घरपट्टी पाणीपट्टीची थकबाकी आहे का, तेही बघा. उमेदवार आधी नगरसेवक होता आणि त्याचं २०१७ चं शपथपत्र मिळालं तर दोन्ही शेजारी ठेवून वाचा, बाकी कुठल्या भाषणातून कळणार नाही ते त्यातून कळतं.

कामाचं काय बघायचं

इथे एक अडचण आहे, बऱ्याच महापालिकांची मुदत मार्च २०२२ च्या आसपास संपली आणि त्यानंतर जानेवारी २०२६ पर्यंत जवळजवळ चार वर्षं प्रशासकच होते. सभागृह नाही, स्थायी समिती नाही, त्यामुळे "गेल्या पाच वर्षात सभागृहात किती प्रश्न विचारले" हा नेहमीचा प्रश्न जानेवारीत चाललाच नाही. मग काय विचारायचं? पद नसताना माणूस काय करत होता ते विचारायचं. क्षेत्रीय कार्यालयात खेटे घालत होता का, प्रभाग रचनेच्या प्रारूपावर किंवा विकास आराखड्यावर हरकती घेतल्या का, पाणी आलं नाही तर फोन उचलत होता का. पद नसताना केलेलं काम मला पद असताना केलेल्यापेक्षा जास्त सांगून जातं, हे माझं मत. आता सभागृहं परत सुरू झालीत, त्यामुळे पुढच्या वेळी हजेरी आणि प्रश्नांची माहिती मागता येईल, माहिती अधिकारात अर्ज टाकता येतो. मुंबईत प्रजा फाउंडेशन नगरसेवकांची प्रगतीपुस्तकं काढत आलंय, तसं तुमच्या शहरात कोणी काढत असेल तर शोधा.

पुण्यासारख्या ठिकाणी अजून एक गोष्ट. २०१७ ला ११ गावं आणि २०२१ ला २३ गावं पालिकेत आली (पहिल्या ११ मधल्या फुरसुंगी आणि उरुळी देवाचीची नंतर वेगळी नगरपरिषद झाली). २३ गावांतल्या लोकांनी तर जानेवारी २०२६ मध्येच पहिल्यांदा नगरसेवक निवडले. अशा भागातले उमेदवार बरेचदा माजी सरपंच, माजी झेडपी सदस्य असतात, त्यांचं रेकॉर्ड पालिकेत शोधून मिळणार नाही, ग्रामपंचायतीच्या काळात नळयोजनेचं काय झालं, कचरा कुठे टाकत होते, बांधकामांना कशा परवानग्या दिल्या हे गावातल्या जुन्या लोकांना विचारावं लागतं. आणि हे पाण्याचं उगाच नाही म्हणत. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी या पट्ट्यात जीबीएसचे (गियान-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) पेशंट सापडले तेव्हा विहिरीचं पाणी नीट शुद्ध न होता लोकांना मिळतंय हा मुद्दा अख्ख्या शहरासमोर आला. त्या भागातल्या उमेदवाराला पाण्याचा प्रश्न सोडून दुसरा पहिला प्रश्न असूच शकत नाही असं मला वाटतं.

वचननामा वाचताना एक साधा निकष लावा, हे काम नगरसेवकाच्या हातात आहे का. पाणी, ड्रेनेज, कचरा, पालिकेच्या शाळा आणि दवाखाने, गल्लीतले रस्ते, फुटपाथ, पावसाळी गटारं, उद्यानं हे आहे. वीज महावितरणची, पोलीस राज्य सरकारचे, रिंगरोड नगरसेवक आणू शकत नाही. ज्याने आपल्या हातात नसलेल्या गोष्टींचीच यादी दिलीय त्याला कामाची माहिती नाहीये किंवा तुम्हाला माहिती नाही असं तो धरून चाललाय. याउलट "अमुक चौकात पाणी तुंबतं कारण नाला बुजवलाय" एवढं जरी कोणी नेमकं सांगितलं तर माझ्या वहीत त्याच्यापुढे बरोबरची खूण येते.

दारावर प्रचाराला आले की विचारून घ्या, तेवढा एकच वेळ असतो जेव्हा ते तुमच्या दारात उभे असतात आणि निघून जाऊ शकत नाहीत. एकच प्रश्न सगळ्यांना विचारा, म्हणजे उत्तरं एकमेकांशेजारी ठेवता येतात. आमच्या सोसायटीत आम्ही जागा वाटून घेतो, एका घराने अ ची सगळी शपथपत्रं वाचायची, दुसऱ्याने ब ची, आणि रविवारी पार्किंगमध्ये बसून एकमेकांना फक्त माहिती सांगायची, मत कोणाला ते कोणी विचारत नाही. काम चौथ्या हिश्श्यावर येतं.

नाव आणि चिन्ह, इथे सगळ्यात जास्त घोळ

हे मनावर घ्या. २०१४ ला रायगड लोकसभेत सुनील तटकरे २,११० मतांनी हरले आणि त्याच मतदारसंघात सुनील तटकरे याच नावाच्या दुसऱ्या अपक्ष उमेदवाराला ९,८४९ मतं पडली होती. २०२४ ला साताऱ्यात तुतारी वाजवणारा माणूस हे चिन्ह असलेला उमेदवार ३२,७७१ मतांनी हरला आणि नुसती तुतारी, म्हणजे लोक जिला पिपाणी म्हणतात, ते चिन्ह असलेल्या अपक्षाला ३७ हजारांवर मतं गेली. दिंडोरीत त्याच पिपाणीला एक लाखाच्या वर मतं मिळाली, तिथे आडनावही सारखं होतं. तुम्हाला यातला कुठलाही पक्ष आवडो न आवडो, यातल्या किती लोकांनी खरंच त्यालाच मत द्यायचं ठरवलं होतं हा प्रश्न पडतोच ना.

त्यात आता दोन शिवसेना, दोन राष्ट्रवादी, धनुष्यबाण एकीकडे मशाल दुसरीकडे, घड्याळ एकीकडे तुतारी दुसरीकडे, आणि युत्या प्रत्येक शहरात वेगळ्या. विधानसभेला एकमेकांसमोर लढलेल्या दोन्ही राष्ट्रवादी जानेवारीत पुणे आणि पिंपरी चिंचवडला एकत्र होत्या. तिकीट न मिळालेला बंडखोर अपक्ष उभा राहिला की त्याचं चिन्ह कपबशी, शिट्टी असलं काहीतरी नवीनच असतं आणि फ्लेक्सवर मात्र जुन्याच नेत्यांचे फोटो. म्हणून चिठ्ठीत नुसतं आडनाव लिहायचं नाही आणि नुसतं चिन्हही नाही. पूर्ण नाव, वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावासकट, जसं अंतिम यादीत छापलंय तसंच. सारख्या नावाचा दुसरा कोणी त्याच जागेत असेल तर त्याच्या चिन्हाचं नाव कंसात लिहून वर काट मारा, म्हणजे हा नाही हे लक्षात राहतं.

आता खरी चिठ्ठी

वहीचं पान घरीच ठेवायचं. केंद्रावर न्यायची ती वेगळी, खेळायच्या पत्त्याच्या आकाराची, साध्या पांढऱ्या कागदावर, आपल्या हाताने लिहिलेली. चार ओळी, बस. प्रत्येक ओळीत जागेचं अक्षर, मतपत्रिकेचा रंग, उमेदवाराचा अनुक्रमांक, नाव, आणि चिन्ह शब्दात. चिन्हाचं चित्र काढू नका आणि पक्षाचं पत्रक किंवा त्यांनी वाटलेली नमुना मतपत्रिका तर अजिबात आत नेऊ नका. केंद्राच्या १०० मीटरच्या आत प्रचार चालत नाही आणि चिन्ह छापलेला कागद हातात दिसला की उगाच वाद होतो.

रंग लिहायचं कारण सांगते. प्रभाग पद्धतीत प्रत्येक जागेच्या मतपत्रिकेचा रंग वेगळा असतो, अ पांढरा, ब फिकट गुलाबी, क फिकट पिवळा, ड फिकट निळा. उमेदवार जास्त असले की दोन तीन मशीनं शेजारी शेजारी लावलेली असतात, एका जागेची नावं संपली की खाली नोटा, म्हणजे "वरीलपैकी कोणीही नाही" हे बटण, आणि मग दुसरा रंग सुरू. गोंधळून जायला होतं, विशेषतः वयस्कर लोकांना. रंग पाठ असला की आपण कुठल्या जागेत आहोत ते लगेच कळतं.

एखाद्या जागेत कोणीच पटलं नाही तर त्या ओळीत सरळ "नोटा" लिहा. तीच जागा सोडून बाहेर यायचं असं करू नका, प्रभाग पद्धतीत सगळ्या जागांची बटणं दाबली की मगच मतदान पूर्ण झाल्याचा बझर वाजतो. आणि इथे व्हीव्हीपॅट नसतं, ते सात सेकंद काचेमागे दिसणारं चिठोरं या निवडणुकीत नाही, त्यामुळे बटणाशेजारचा दिवा लागला का ते प्रत्येक वेळी स्वतः बघा आणि मगच पुढच्या रंगाकडे जा.

मोबाईलमध्ये नोट्स करून नेऊ असं तरुण मुलं म्हणतात, ते चालणार नाही, केंद्रात मोबाईल वापरता येत नाही. स्क्रीनशॉट, व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवलेला मेसेज, सगळं बाहेरच राहतं. कागदच लागतो. आणि शक्यतो तो कागद आदल्या रात्री दोन तीनदा वाचून पाठच करून टाका, म्हणजे चिठ्ठी घरी विसरली, पावसात भिजली किंवा केंद्रावरच्या अधिकाऱ्यांनी ठेवायला सांगितली तरी अडत नाही, वाद घालत बसायची गरज पडत नाही.

चिठ्ठी खिशात घडी करून, ओळखपत्रासोबत नाही तर वेगळ्या खिशात, नाहीतर टेबलावर कार्ड काढताना सगळ्यांसमोर पडते. लाइनमध्ये उघडायची नाही, कोणाला दाखवायची नाही, बाहेरच्या बूथवर कार्यकर्ते "दाखवा काकू, आम्ही नीट लिहून देतो" म्हणतात त्यांच्या हातात द्यायची नाही. आत पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेलात की उघडा, बघा, बटणं दाबा, परत खिशात. तिथेच सोडून येऊ नका, तुमच्या मागून येणाऱ्याला तुमचं मत कळतं आणि तो कागद प्रचाराचा समजला जाऊन केंद्राध्यक्षांना डोक्याला ताप होतो तो वेगळाच.

घरातल्या मोठ्या माणसांसाठी

आजीआजोबांची चिठ्ठी आपण लिहून देतो तेव्हा नकळत आपलंच मत त्यांच्या कागदावर उतरतं. त्यांना प्रत्येक जागेची नावं मोठ्याने वाचून दाखवा, कोण काय ते थोडक्यात सांगा, आणि मग थांबा. ते म्हणतील तेच लिहा, तुम्हाला पटलं नाही तरी. अक्षर मोठं, काळ्या जाड पेनने, आणि रंगांच्या ओळींना त्याच रंगाच्या स्केचपेनने कडेला एक ठिपका, वाचता येत नसेल त्यांनाही ठिपका कळतो. नजर फारच अधू असेल किंवा हाताने बटण दाबता येत नसेल तर केंद्राध्यक्षांना सांगून सोबत एका सज्ञान माणसाला नेता येतं, त्या माणसाने त्यांच्या सांगण्याप्रमाणेच बटण दाबायचं आणि बाहेर कोणाला सांगायचं नाही, घरातही नाही.

जानेवारीत वेळ सकाळी साडेसात ते संध्याकाळी साडेपाच होती. चार बटणांमुळे प्रत्येकाला वेळ जास्त लागतो आणि लाइन हळू सरकते, तेव्हा मोठ्या माणसांना सकाळीच न्या.

घरी आल्यावर छोटी चिठ्ठी फाडून टाका. वहीचं पान मात्र ठेवा, निकाल लागला की जे चार जण निवडून आले त्यांच्या नावाभोवती गोल करा, तुमचे असोत नसोत, आणि दारावर काय काय बोलले होते ते तिथेच खाली लिहून तारीख टाका. पुढच्या वेळी शपथपत्र शोधायच्या आधी हेच पान उघडायचंय.